दुसरी बॉडी : भाव नंतर, भरवसा आधी

लग्नसराई सुरू झाली की कापडाच्या दुकानात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. शेरवानीला कापड किती लागेल, हा पहिला आणि फोटोसाठी कोणाला सांगावे, हा दुसरा. मंडपवाला, बावर्ची, फोटोवाला यांची नावे कापडवाल्याला विचारायची, हा आमच्या गुलमंडी-सिटी चौकाकडचा जुना दस्तूर आहे. त्यात नाव आम्ही सुचवतो आणि फोटो बिघडले तर उलटून बोलणीही आम्हीच खातो. तेव्हा फोटोच्या धंद्यावर चार शब्द लिहिण्याचा हक्क कापडवाल्याला आहे, असे आम्ही समजतो.

गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक नवी मागणी निघाली आहे. नवी कसली, जुनीच, फक्त पुन्हा आली आहे. डिजिटल फोटो आणि व्हिडिओ तर हवेतच, पण त्याबरोबर निकाहचे एक-दोन रोल फिल्मवर काढून द्या, असे मुले-मुली सांगू लागली आहेत. ज्यांच्या जन्मापर्यंत रोलचा जमाना संपत आला होता, त्यांना त्या रंगाची, त्या दाण्याची हौस आहे. हौसेला मोल असते. आमच्या मोहल्ल्यांतील होतकरू तरुणांनी हे बरोबर हेरले. कोणी चाचांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला पेन्टॅक्स काढला, कोणी अब्बांनी दुबईहून आणलेला याशिका कपाटातून बाहेर काढला, कोणी जुन्या बाजारातून झेनिट उचलला आणि बुकिंग घ्यायला सुरुवात केली. हे सर्व चांगलेच आहे. आमची हरकत एकाच गोष्टीला आहे. हे तरुण एका बॉडीवर बुकिंग घेतात.

दुसरी बॉडी का घेत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘चाचा, डिजिटलवालेसुद्धा कधी कधी एकावरच काम भागवतात.’ इथेच हिशेब चुकतो. डिजिटल कॅमेरा बिघडला तर त्याच क्षणी कळते. मागच्या पडद्यावर फोटो काळा दिसतो, माणूस धावपळ करतो, कोणाचा तरी कॅमेरा मागून आणतो. फिल्मचा कॅमेरा बिघडला तर कळतच नाही. शटर वाजते, लिव्हर फिरते, आकडा पुढे सरकतो आणि नवरा-नवरीही हसतात. आत काय घडले ते रोल धुऊन आल्यावर, आठ-दहा दिवसांनी दिसते. तोपर्यंत मंडप निघालेला असतो आणि मुलगी सासरी गेलेली असते.

आमच्याच ओळखीतल्या एका घरच्या वलीम्याला असे घडले. छत्तीस फोटोंचा रोल होता, छत्तीस वेळा शटर वाजले आणि रोल कोरा निघाला. कारण अगदी क्षुल्लक होते. रोलची जीभ आतल्या चाकात नीट अडकली नव्हती, त्यामुळे फिल्म जागची हललीच नाही. लिव्हर ओढताना डावीकडची रोल गुंडाळण्याची कळ उलटी फिरते की नाही, एवढे पाहिले असते तर पहिल्या दोन फोटोंतच समजले असते. त्या तरुणाने पैसे परत केले. पैसे परत करता येतात, वलीमा परत करता येत नाही. पुढे त्या घरातून आणि त्यांच्या नातलगांतून त्याला काम मिळाले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, फिल्मवर काम करणाऱ्याची दुसरी बॉडी पिशवीत झोपण्यासाठी नसते. ती गळ्यात हवी आणि चालू हवी. पहिली बंद पडली तर दुसरी काढू, हा विचार इथे उपयोगाचा नाही, कारण पहिली बंद पडल्याचा पत्ताच लागत नाही. इजाब-कुबूल, निकाहनाम्यावरच्या सह्या, सेहरा, रुखसती, या चार ठिकाणी प्रत्येक वेळचे दोन-तीन फोटो दुसऱ्या बॉडीवर पडलेच पाहिजेत. एक रोल वाया गेला तरी लग्न वाया जाणार नाही. रोज अशी दोन्हीकडे चालणारी बॉडी निवडायची म्हटले की निवडीचे नियमही बदलतात.

पहिली गोष्ट, लेन्स बसवण्याची कडी, जिला माउंट म्हणतात, ती दोन्ही बॉडींची एकच हवी. हे सांगायला नको, पण सांगावे लागते, कारण स्वस्त मिळाला म्हणून पेन्टॅक्सवाला मुलगा कॅनन घेऊन येतो आणि मग त्याच्यासाठी वेगळी लेन्स शोधत फिरतो. घरात के-१००० असेल तर दुसरा के-१०००च घ्यावा, किंवा त्याच कडीचा दुसरा एखादा. पेन्टॅक्सने हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनवला. एके काळी आपल्याकडच्या स्टुडिओंत तो इतका होता की आजही जुन्या कपाटांतून निघतो. झेनिट, प्राक्टिका आणि जुने पेन्टॅक्स स्पॉटमॅटिक यांच्या लेन्सा आट्याच्या, म्हणजे फिरवून बसवायच्या. त्या एकमेकांना चालतात आणि छोटी कडी लावून के-१०००वरही बसतात. निकॉनवाल्यासाठी एफएम-२ आणि एफएम-१० ही जोडी आहे. एफएम-१० वर निकॉनचे नाव असले तरी तो कोसिना कंपनीने बनवलेला, वजनाला हलका, प्लॅस्टिकचा. त्याच्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही मुरडत नाही. दुसरी बॉडी दिवसभर गळ्यात वागवायची असते, तेव्हा हलकेपणा हा गुणच आहे. मात्र निकॉनच्या ज्या नव्या लेन्सांवर छिद्र लहान-मोठे करण्याची चकती नाही, त्या या दोन्हींवर निरुपयोगी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, दुसऱ्या बॉडीचे शटर सेलवर अवलंबून नसावे. कॅननचा एई-१ दिसायला देखणा आणि आज तरुणांत फार चालणारा. पण त्यातला सहा व्होल्टचा सेल संपला की त्याचे शटर उघडतच नाही. पहिली बॉडी एई-१ असेल तर हरकत नाही, पण दुसरी पुन्हा एई-१ घेऊ नये. त्याच कडीचा, एफटीबी नावाचा, १९७१ साली आलेला जुना कॅनन पाहावा. त्याचे शटर चावीच्या घड्याळासारखे नुसत्या यंत्रावर चालते. त्याचा मीटर जुन्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे. ते सेल आता बनत नाहीत आणि आजचा दीड व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचे दाखवतो. दाखवू द्यावे. प्रकाश मोजायला दुसऱ्या बॉडीचा मीटर किंवा खिशातला मोबाईल आहे, आणि दुपारच्या आपल्या मराठवाडी उन्हात तर मीटरवाचूनही काम चालते. शंभरच्या रोलला सोळाचे छिद्र आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हे जुने उस्ताद शागिर्दाला पहिल्या दिवशी शिकवत. के-१०००च्या मीटरला बंद करण्याचे बटणच नाही. लेन्सवर झाकण घातले तरच त्याचा सेल वाचतो. ज्यांचे सेल ‘आपोआप’ संपतात त्यांनी झाकणाची सवय लावावी.

तिसरी गोष्ट फ्लॅशची, आणि इथे घाईत मोठी चूक होते. प्रत्येक शटरची फ्लॅशशी जुळण्याची एक हद्द असते. झेनिटची सेकंदाचा तिसावा भाग, के-१०००ची साठावा, एफएम-१०ची सव्वाशेवा, आणि एफएम-२ची सुरुवातीला दोनशेवा व पुढे अडीचशेवा. हात एका बॉडीला सरावलेला असतो. अडीचशेची सवय असलेल्या माणसाने गर्दीत दुसरी बॉडी उचलून त्याच वेगावर फ्लॅश मारला, तर फोटोचा एक भाग काळा येतो. कधी नवरीकडचा, कधी नवऱ्याकडचा, आपापल्या नशिबाप्रमाणे! म्हणून दोन्ही बॉडी शक्य तो एकाच मॉडेलच्या असाव्यात. न जमल्यास फ्लॅशचे काम करताना दोन्हींवर कमी हद्दीचाच वेग ठेवावा.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. एका जाणत्या फोटोग्राफरने आम्हांला ऐकवले की, तुमचे हे सर्व जुन्या लोकांचे प्रेम आहे. ज्याच्याकडे डिजिटलसाठी कॅननच्या ईएफ लेन्सा आहेतच, त्याने १९९९ सालचा ईओएस-३०० घ्यावा. त्याच लेन्सा बसतात, फोकस आपोआप होतो, आणि हौशी लोकांना लोखंडी कॅमेरा हवा असल्याने हे प्लॅस्टिकचे कॅमेरे कवडीमोल मिळतात. शिवाय तो रोल घालताच पूर्ण बाहेर ओढून घेतो आणि काढलेला प्रत्येक फोटो डबीत परत नेतो. चुकून मागचे दार उघडले तरी काढलेले फोटो सुरक्षित राहतात आणि जीभ अडकली नाही असा प्रकार सहसा होत नाही. हे म्हणणे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. ज्याच्याजवळ अशा लेन्सा आहेत, त्याने खुशाल तोच घ्यावा. फक्त त्यातले सर्किट गेले तर आपल्या शहरात तो कोणी उघडणार नाही, हे धरून चालावे आणि एकाऐवजी दोन घ्यावेत. त्याला सेलही खास लागतात. ते ऐन लग्नाच्या दिवशी पान-टपरीवर मिळत नाहीत.

नवी कोरी बॉडी घेऊ, असे कोणी म्हणेल तर तो रस्ता जवळजवळ बंद आहे. निकॉनने एफ-६ आणि एफएम-१० हे शेवटचे दोन फिल्म कॅमेरेही बंद केले. लायकाने २०२२ मध्ये एम-६ पुन्हा काढला, पण त्याच्या किमतीत आमच्यासारख्याचे अर्धे दुकान भरेल. २०२४ साली पेन्टॅक्सने ‘१७’ नावाचा नवा फिल्म कॅमेरा आणला, ही आनंदाची बातमी. परंतु त्याची लेन्स पक्की बसवलेली आहे आणि तो एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढतो. हौसेसाठी उत्तम, दुसऱ्या बॉडीचे काम त्याचे नव्हे. म्हणजे घ्यायचा तो वापरलेलाच माल. वापरलेला माल घेताना पारख लागते, आणि पारख तर आपल्या धंद्याची रोजी आहे.

पारख करताना कापडवाल्याचे डोळे कसे कामी येतात पाहा. के-१०००चे शटर लोखंडी नसून कापडी आहे, रबराचा लेप दिलेले काळे कापड. कापड म्हटले की आम्ही ते उजेडासमोर धरतो. इथेही तेच करावे. लेन्स काढावी, मागचे दार उघडावे, शटर बंद ठेवून बॉडी बल्बसमोर धरावी आणि आरसा बोटाच्या टोकाने हळूच वर उचलून पाहावे. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी कापड विरले आहे, बॉडी परत द्यावी. कापडाला घडी पडली असेल, लेप तडकला असेल, तर तोही नमुना नाकारावा. एफएम-२, एफएम-१० आणि याशिका एफएक्स-३ यांचे शटर धातूच्या पात्यांचे, वरून खाली पडणारे. त्यांच्या पात्यांवर तेलाचा डाग नसावा. एफएक्स-३चे बाहेरचे रेक्झिन सालपटासारखे निघते. त्याला भिऊ नये, उलट त्या नावाखाली भाव पाडून घ्यावा. आतले यंत्र त्यामुळे बिघडत नाही.

मग दाराच्या खाचांत बोट फिरवावे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथे उजेड अडवण्यासाठी फोम भरलेला असे, तो आता डांबरासारखा चिकट झालेला असतो. बहुतेक वापरलेल्या कॅमेऱ्यांचे हे दुखणे असते आणि विकणारा ते सांगत नाही. फोटोच्या कडेला नारिंगी पट्टे येतात ते यामुळे. पण इलाज स्वस्त आहे. जुना फोम खरवडून काढावा आणि खाचेत काळी लोकर, बिजागरीजवळ काळ्या मखमलीची बारीक पट्टी चिकटवावी. खुद्द रोलच्या डबीच्या तोंडालाही आत उजेड जाऊ नये म्हणून मखमलीचीच पट्टी असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मखमलीचे एवढे तुकडे आमच्या दुकानात रोज झाडून निघतात, ज्याला हवे त्याने घेऊन जावे.

शटरचे वेग मात्र डोळ्यांनी कळत नाहीत. वर्षानुवर्षे न चाललेल्या यंत्रातले तेल घट्ट होते. एक सेकंद म्हणून लावले की दीड सेकंद लागतो आणि हजारच्या वेगावर फोटोची एक कड काळी पडते. म्हणून सौदा करताना आधी बयाणा द्यावा, एक रोल प्रत्येक वेगावर चालवून धुऊन आणावा आणि मगच उरलेली रक्कम द्यावी. विकणारा या अटीला तयार नसेल तर माल कितीही चकचकीत असो, उठून यावे. गाठ उघडून दाखवल्याशिवाय आपण व्यापारी कापड घेतो काय? आणखी एक हिशेब. बॉडीसाठी जी रक्कम बाजूला काढली असेल तिच्यातली एक तृतीयांश साफसफाई-दुरुस्तीसाठी राखावी आणि उरलेल्या दोन तृतीयांशातच बॉडी घ्यावी. बाजारात उलटे चालते. सगळी रक्कम नावाला जाते आणि दुरुस्तीला कवडी उरत नाही. दुरुस्त केलेला के-१००० हा दुरुस्त न केलेल्या एफएम-२ पेक्षा चांगली दुसरी बॉडी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथे आमच्या कारागीर बंधूंना एक गोष्ट सांगायची आहे. कॅमेरा उघडणारे जुने मिस्त्री थकले आणि त्यांची मुले मोबाईलच्या दुरुस्तीला लागली. पण यंत्रावर चालणारे शटर म्हणजे स्प्रिंग आणि दातेरी चाके, घड्याळाच्याच जातीचे. ज्यांच्या घरात घड्याळजीचा हात आहे, बारीक पेचकस आणि भिंग आहे, त्यांनी या कामाकडे पाहावे. आज हे कॅमेरे दुरुस्तीला मुंबईला पाठवावे लागतात, जाणे-येणे आणि वाट पाहणे वेगळे. लग्नसराईच्या तोंडावर महिनाभर बॉडी अडकून पडली तर तरुणाचा हंगाम जातो. शहागंज किंवा पैठण गेटला एक माणूस हे काम शिकून बसला तर त्याच्याकडे जालना, बीड, परभणीपासून माल येईल.

दोन बॉडी झाल्या, दोन रोल झाले. आता ते धुवायला पाठवायचे. आमच्या माहितीतले तरुण रंगीत रोल कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवतात आणि इथे आमचा शेवटचा आग्रह आहे. दोन्ही बॉडींचे रोल एका पार्सलात पाठवू नयेत. एक आज, दुसरा पहिला पोचल्यावर. सगळ्या गाठी एकाच ट्रकमध्ये भरण्याची जोखीम काय असते, ते आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असू नये. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या आणि त्या विलायतेला पाठवल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या टांगलेल्या होत्या. १८६६च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बोटांवर मोजण्याइतक्या सोडून सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनलाच एका इमारतीत ठेवल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. गिल कॅमेराही वापरत असे. त्याने काढलेले अजिंठा-वेरूळचे फोटो १८६४ साली पुस्तकांतून छापून निघाले होते, ते अनेक प्रतींत पसरले म्हणून आजही पाहायला मिळतात. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार भाग रंगीत छायाचित्रांसह छापून काढले. ते जगभरच्या ग्रंथालयांत गेले. आता एका इमारतीची आग त्यांचे काही बिघडवू शकत नाही.

दोन बॉडी गळ्यात असल्या की गोंधळही होतो. एकीत शंभरचा रोल, बाहेरच्या उजेडासाठी, दुसरीत चारशेचा, संध्याकाळच्या हॉलसाठी, अशी वाटणी करणे चांगले, कारण अर्ध्यावर आलेला रोल काढता येत नाही. पण चाळीस पाहुण्यांच्या गराड्यात कोणत्या बॉडीत काय आहे ते आठवत नाही. आम्ही नव्वदच्या दशकात हिमरू शालींचे नमुने परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवण्यासाठी दोन के-१००० वापरत होतो, एक रंगीत रोलसाठी, एक कृष्णधवलसाठी. तेव्हा पट्ट्याला सुताची गाठ मारायची पद्धत ठेवली होती. हिरवे सूत म्हणजे शंभर, लाल म्हणजे चारशे, पांढरे म्हणजे कृष्णधवल. रोल संपला की गाठ सोडायची. गाठ नसलेली बॉडी म्हणजे रिकामी बॉडी, आणि ती गळ्यात अडकवण्यापूर्वी डावीकडची कळ फिरते की नाही ते पाहायचे.